समोरचा खेळाडू निघून गेला

नील आणि तारा,

तुम्हाला शिरीषकाका आठवतो का, मला ठाऊक नाही. मागच्या खेपेला तुम्ही दादरला आला होतात, तेव्हा समोरच्या दारातून एक उंच, जरा वाकलेला माणूस येऊन "काय खेळता रे तुम्ही लोक?" असं विचारायचा, तोच. नील, तू त्याला तुझ्या फुटबॉलच्या गेमचं नाव सांगितलंस. त्यावर तो "अच्छा, म्हणजे पॉप्युलर काहीतरी," म्हणाला आणि त्याचं तोंड उतरलं. शिरीष या उन्हाळ्यात वारला. परवा त्याच्या दारावर दुसऱ्या नावाची पाटी लागली. सुताराने जुनी पाटी माझ्यापुढे धरून "आजी, ही टाकू का?" असं विचारलं. मी नको म्हटलं. आता या मजल्यावर त्याला ओळखणारी मी एकटीच उरले आहे, म्हणून लिहून ठेवते. तुमच्यासाठी लिहिते, कारण यातला अर्धा भाग व्हिडिओ गेमचा आहे आणि तो माझ्यापेक्षा तुम्हाला लवकर कळेल. मराठी जिथे अडेल तिथे आईला विचारा.

शिरीष कॉटन ग्रीनला एका गोदामाच्या कंपनीत डिस्पॅचला होता. बायको आणि मुलगी ईरा मेलबर्नला. ईरा पहिलीत असताना तिच्या आईला तिकडे नोकरी लागली. शिरीष मागाहून जायचा होता. तो गेला नाही, आणि पुढे घटस्फोट झाला. दोष कोणाचा हे मी कधी विचारलं नाही. तुम्हालाही त्याची गरज नाही. गरज आहे ती एवढी गोष्ट कळण्याची, की मुलीशी बोलायचं कसं हे त्याला समजेनासं झालं होतं. रविवारी फोन लावायचा. "जेवलीस का?" "या." "अभ्यास?" "फाइन." मग तो रिसीव्हर कानाला लावावा तसा मोबाइल कानाला लावून गॅलरीत उभा राहायचा, आणि पलीकडे कोणीच नाही हे मला माझ्या खिडकीतून दिसायचं.

एका वाढदिवसाला ईराने सांगितलं की ती अमुक एक गेम खेळते. शिरीषने त्याच आठवड्यात तो गेम टीव्हीवर खेळायचं यंत्र आणलं. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून रिकाम्या हाताने परत न येणारा माणूस म्हणून आमची सोसायटी त्याला ओळखायचीच. या वेळी खोका एवढा होता की वॉचमनने विचारलं, "साहेब, मिक्सर का?"

तो गेम मारामारीचा होता. जपानी कार्टूनसारखी मोठ्या डोळ्यांची माणसं, वाऱ्यावर उडणारे केस, दोघांनी समोरासमोर उभं राहून एकमेकांना बडवायचं. नाव इतकं लांब होतं की मला कधी पाठ झालं नाही. तो नुसतं 'आपला गेम' म्हणायचा. त्याची खेळाडू म्हणजे देवळातली एक झाडूवाली पोरगी. ती केरसुणीने मारायची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, "शिरीष, केरसुणीने मारतात का कोणाला? लक्ष्मी ती."

"काकू, समोरचा तिला लाथ मारतो ते बघा ना. मी तर नुसती झाडतो."

ईराचा खेळाडू एक म्हातारा कोळी होता. त्याच्या हातात गळ. समोरचा लांब पळाला की गळ टाकून ओढून आणायचा आणि मग बडवायचा. शिरीष झाडूवालीला घेऊन सारखा कोपऱ्यात पळायचा आणि सारखा ओढला जायचा. हे दोघं शनिवार-रविवारी सकाळी खेळत. इथे चहाची वेळ, तिथे दुपार. त्या गेममध्ये बोलता येत नसे. लहान मुलं खेळतात म्हणून कंपनीने बोलणं बंद ठेवलं होतं. फक्त तयार वाक्यांची बटणं होती: हॅलो, वेल प्लेड, सॉरी, थँक यू, वन मोअर, गुडबाय. शिरीषला हे फार सोयीचं वाटे. "काकू, सहा वाक्यांत संसार," म्हणायचा. फोनवर मिनिटभर न टिकणारी मुलगी इथे तासभर त्याला बडवत बसायची. फोन हळूहळू बंदच झाले. गेम राहिला.

तो काही पट्टीचा खेळाडू नव्हता. "मी हौशी आहे काकू. कॅज्युअल म्हणतात आम्हाला. शिवी आहे ती." सरावाला कोणी नसलं की मला बोलवायचा. एका खोलीत बसूनही दोघांना खेळता येत असे. मी आयुष्यभर फोर्टमध्ये साहेबांची पत्रं टाइप केलेली, मला बोटांची भीती नाही. मी बटणं डावीकडून उजवीकडे क्रमाने दाबायचे. एकदा मी जिंकले. शिरीष चष्मा काढून हसायला लागला. त्याला हसताना चष्मा काढावाच लागे, डोळ्यांतून पाणी यायचं.

"काकू, क्रमाने दाबताय तुम्ही! जगात कोणी क्रमाने दाबत नाही!"

"नियम काय आहे?"

"नियमच नाहीये! म्हणून तर मला कळलं नाही ना तुम्ही पुढे काय करणार ते!"

त्या गेमला इंटरनेटवरच्या दुकानाच्या पानावर लोकांनी वाईट शेरे दिले होते. फार सोपा, पोरकट, कोणी खेळत नाही, पैसे वाया. शिरीषच्या मनाला ते लागलं. त्याने स्वतः इंग्रजीत अभिप्राय लिहिला आणि माझ्याकडे तपासायला आणला. सुरुवात अशी होती की हा गेम फार सिन्सिअर आहे.

मी म्हटलं, "गेम सिन्सिअर नसतो, शिरीष. माणूस असतो."

"हा आहे पण."

"गुड लिही. नाहीतर ऑनेस्ट."

"नाही काकू. सिन्सिअरच."

मग त्याने मला कारणं सांगितली, आणि ती मला अजून आठवतात, कारण एवढं सलग तो एरवी बोलत नसे. बाकीच्या गेममध्ये एक चांगला फटका मारायला बोटांची सर्कस करावी लागते. इथे साध्या दोन बटणांत पोरगी सुंदर गिरकी घेते, म्हणजे थकून घरी आलेल्या माणसालाही काहीतरी सुंदर करता येतं. इथे जिंकणारा हरलेल्याकडे पाठ फिरवून नाचत नाही, हात देऊन उठवतो. गोष्टीचा भाग मात्र अगदीच टाकाऊ आहे, तो उगाच बघू नये, असंही त्याने इमानाने लिहिलं होतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, पट्टी. पडद्याच्या खाली एक पट्टी असते. तुम्ही जेवढा मार खाता तेवढी ती भरते. पूर्ण भरली की मरायला टेकलेला खेळाडू एक जबरदस्त डाव टाकू शकतो. पट्टीचे खेळाडू म्हणतात की हा अन्याय आहे, वाईट खेळणाऱ्याचे लाड आहेत. शिरीष म्हणायचा, "अन्याय कसला? जगात एक तरी जागा असू दे ना, जिथे मार खाल्लेला मोजला जातो."

पुढे ते त्याचं पालुपदच झालं. ऑफिसात साहेब ओरडला, पट्टी भरतेय. पंप आणि लिफ्ट एकदमच बिघडून तीन मजले बादल्या वाहाव्या लागल्या, "भरू दे काकू, भरू दे."

आता त्याची दुसरी सवय सांगते, कारण सगळं त्यावरच फिरलं. शिरीष कधी 'जातो' म्हणत नसे. 'येतो' म्हणे. हे आपल्याकडे सगळेच म्हणतात, निघताना जातो म्हणणं अशुभ, येते म्हणावं. पण त्याचं नुसतं रीत म्हणून नव्हतं. तो दुसऱ्यांनाही म्हणू देत नसे. एकदा जिन्यात कुरियरवाला त्याला पार्सल देऊन "चलो साब, जाता हूँ," म्हणाला. शिरीषने त्याला थांबवलं.

"जाता हूँ नहीं बोलने का. आता हूँ बोलो."

"वापस काय को आऊँ, साब? पार्सल तो दे दिया!"

"अरे बोलो तो सही."

"आता हूँ," कुरियरवाला म्हणाला, आणि खाली वॉचमनला जाऊन विचारलं की तिसऱ्या मजल्यावरचे साहेब ठीक आहेत ना.

मी नंतर त्याची थट्टा केली तेव्हा त्याने सांगितलं. तो शाळेत असताना एका सकाळी आईवडिलांचं भांडण झालं. वडील परळला एका वर्कशॉपमध्ये होते. त्यांनी डबा न घेता चपला घातल्या आणि "जातो मी," म्हणाले. दुपारी वर्कशॉपमधला माणूस निरोप घेऊन आला. "त्यानंतर आईने तो शब्द घरातून काढून टाकला," शिरीष म्हणाला. "मला तो उच्चारताच येत नाही काकू. जिभेला फोड येतो."

एका शनिवारी तो माझ्या दारात आला तेव्हा त्याचा चेहरा पाहून मला वाटलं, मेलबर्नहून काही वाईट बातमी आली. बातमी जपानहून आली होती. कंपनी गेमचा सर्व्हर बंद करणार होती. खेळणारे फार थोडे उरले होते, खर्च परवडत नव्हता. महिनाअखेरीनंतर लांबच्या माणसाशी खेळता येणार नव्हतं.

आम्ही कंपनीला पत्र लिहिलं. मी आयुष्यात जेवढी मुद्देसूद पत्रं लिहिली त्यातलं ते एक होतं. उत्तर लगेच आलं. तुमच्या प्रेमाबद्दल आभार, आमचे इतर गेमही पाहा. शिरीषने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे माणसाने लिहिलंय का?"

"नाही," मी म्हटलं.

मग मी त्याला सांगितलं की गेमची काळजी सोड, मुलीला फोन कर आणि तिचा स्वतःचा नंबर माग. तो एकट्याने करायला धजेना. माझ्या हॉलमध्ये बसून त्याने तिच्या आईला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. तिची आई चांगलं बोलली, तिने ईराला बोलावलं. ईरा इंग्रजीत बोलत होती, मी मराठीत लिहिते.

"बेटा, तो गेम बंद होतोय."

"ठाऊक आहे."

"तर मग, तुझा नंबर दे ना. आपण बोलू. दुसरा गेम घेऊ. तू सांगशील तो."

 ती म्हणाली, "कशाला? तुम्ही तर निघूनच जाता."

"मी? कधी?"

"दर वेळी. तुम्ही वन मोअर दाबता. मी थांबते. आणि मग पडद्यावर येतं की समोरचा खेळाडू निघून गेला. दर वेळी, बाबा. तुम्हाला जायचंय तर गुडबायचं बटण आहे ना?"

शिरीष माझ्याकडे बघत राहिला. त्याला कळलं, आणि त्याच क्षणी मलाही कळलं. शनिवारी ऑफिसची वेळ झाली, नाहीतर गॅसवर काही ठेवलेलं असलं, की तो उठायचा. उठताना गुडबाय कसं दाबणार? ते म्हणजे जातो. म्हणून तो वन मोअर दाबायचा, म्हणजे येतो, आणि यंत्र बंद करायचा. इतकी वर्षं.

"बेटा, इन मराठी, वी डोन्ट से गो. वी से कम."

"काय?"

"व्हेन वी गो, वी से, आय ॲम कमिंग."

"मला कळत नाहीये तुम्ही काय म्हणताय."

त्याने फोन माझ्यापुढे धरला. "काकू, तुम्ही सांगा. तुमचं इंग्रजी चांगलंय."

मी सांगितलं. माझं नाव सांगितलं, शेजारी म्हणून ओळख दिली, आपल्याकडची रीत सांगितली, तिच्या आजोबांचंही सांगितलं. वाक्यं अगदी बरोबर होती. शेवटी म्हटलं, तुझे बाबा जेव्हा निघतात तेव्हा ते येतो असं म्हणतात.

ती म्हणाली, "पण ते येत नाहीत."

  तिने क्लास आहे असं सांगून फोन ठेवला. नंबर दिला नाही.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "पट्टी भरतेय म्हणायची."

"ती पट्टी गेममध्ये असते, काकू," शिरीष म्हणाला.

राहिलेले शनिवार-रविवार ती आलीच नाही. तो सकाळी यंत्र लावून बसायचा. पडद्यावर झाडूवाली एका जागी उभी राहून श्वास घेत असायची. मी पोह्यांची बशी नेऊन ठेवायचे, ती तशीच परत आणायचे. रजा टाकून तो मधल्या वारीही बसू लागला. दाढी वाढली. एकदा म्हणाला, "ती चुकून जरी आली आणि मी नसलो तर?" मी म्हटलं, आंघोळ तरी कर. तो दार उघडं ठेवून आंघोळीला गेला आणि मला त्या रिकाम्या पडद्याची राखण करायला बसवलं.

शेवटच्या दिवशी रविवार होता. दुपारी त्याने मला हाक मारली, ती जिन्याच्या टोकापर्यंत ऐकू गेली असती. "काकू! आली!"

मी जाऊन त्याच्यामागे खुर्चीवर बसले. म्हातारा कोळी समोर उभा होता. ते खेळायला लागले. शिरीष हरला. त्याने वन मोअर दाबलं आणि तिथेच बसून राहिला. तिनेही दाबलं. पुन्हा हरला, पुन्हा वन मोअर, पुन्हा बसून. दारावर कोणी बेल वाजवली, तो उठला नाही. फोन वाजला, त्याने तो पायाने सोफ्याखाली ढकलला. "बघतेय ती," तो म्हणत होता. "काकू, बघतेय ना ती, मी आहे ते. उठलेलो नाही." झाडूवाली आता कोपऱ्यात पळत नव्हती. कोळ्याला गळ टाकायची वेळच येत नव्हती. दोघं अगदी जवळ उभे राहून एकमेकांना बडवत होते, आणि मला वाटतं ती जरा हळू मारत होती. तसं मला वाटलं, एवढंच.

अशाच एका डावाच्या मध्यावर चित्र थांबलं. केरसुणी वर उचललेली होती. मग काळी पट्टी आली आणि तिच्यावर इंग्रजी अक्षरं, समोरचा खेळाडू निघून गेला.

वेळ संपली होती. कंपनीने ठरल्याप्रमाणे बंद केलं होतं.

"मी नाही गेलो," शिरीष टीव्हीला म्हणाला. मग इंग्रजीत म्हणाला, "आय ॲम हिअर." तो बटणं दाबतच होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"अरे, तिला ठाऊक आहे आज बंद होणार ते."

"ठाऊक असेल. पण तिला दिसलं काय, काकू? तिलाही हेच दिसलं."

त्याने सोफ्याखालून फोन ओढून काढला आणि मेलबर्नला लावला. नुसती रिंग जात राहिली. पुन्हा लावला. त्या दिवशी तो उचलला गेला नाही.

दिवाळीत तो मेलबर्नला गेला. ऑफिसने रजा देताना कटकट केली, ती त्याने ऐकूनही घेतली नाही. यंत्र टॉवेलात गुंडाळून, हातात धरायचे बटणांचे दोन्ही कंट्रोलर पायमोज्यांत घालून हातातल्या बॅगेत नेलं. दोघं एका खोलीत बसले की सर्व्हर लागत नाही, हे त्याने मला जाताना इतक्या वेळा समजावलं की जणू परवानगी मीच द्यायची होती.

परत आला तेव्हा ती बॅग नव्हती. मी चहा टाकला. त्याने आपणहून सांगितलं. ईरा उंच झाली आहे, चष्मा लागला आहे. घराजवळच्या बागेत ती भेटायला आली, मैत्रिणीला घेऊन. तो बाकावर बॅग उघडून यंत्र दाखवायला लागला, तेव्हा ती म्हणाली, बाबा, मी आता हे खेळत नाही. रागाने नाही, सरळ. मैत्रीण लांब जाऊन उभी राहिली. त्यानंतर आणखी एकदा भेट झाली, तिच्या आईच्या घरी, सगळे बसून जेवले. त्याने यंत्र तिथे ठेवून दिलं.

"निघताना काय म्हणालास?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

"गुडबाय म्हटलं." त्याने कप बशीत ठेवला. "स्पष्ट म्हटलं. तिला परत थांबवून ठेवायचं नव्हतं."

"आणि ती?"

"दार लावलं हळूच."

मी अशुभ वगैरे मानत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. शिरीषचं हृदय आधीपासून कमजोर होतं, परळच्या डॉक्टरांनी तसं लेखी दिलं होतं, आणि तो गोळ्या विसरायचा. याहून जास्त त्यात काही शोधू नका. मी शोधलेलं नाही.

पण तो परत आल्यापासून निघताना काहीच बोलत नसे. आजारी पडण्याआधी मी त्याला शेवटचा पाहिला तो लिफ्टपाशी. सकाळची वेळ, ऑफिसला निघाला होता. शर्टाला इस्त्री, हातात डब्याची पिशवी, आणि पिशवीच्या कडेवर दोन्ही अंगठे आपोआप चालत होते, डावा, उजवा, डावा. मी दूध घ्यायला दार उघडलं तसा तो वळला. त्याचे ओठ हलले, शब्द शोधल्यासारखे. मग त्याने नुसता हात वर केला आणि लिफ्टचं दार ओढून घेतलं.

तो गेल्याचं मी ईराच्या आईला मेलने कळवलं. आठवड्याने ईराचं उत्तर आलं. कळवल्याबद्दल आभार मानले होते, आणि खाली एकच ओळ होती. यंत्र तिच्या खोलीत आहे, दोन्ही कंट्रोलर आहेत, आणि गेम अजून चालतो.